पट्टी कारण विचारत नाही

मंगळवार, २

आपला संघ काल शेवटच्या आठांत पोचला आणि आमच्या रस्त्याला वेड लागलं. मी खिडकीत खुर्ची टाकून वाहनं मोजत बसले. मोजायची मला खोडच आहे. पाऊण तासात एकशे बारा वाहनं गेली. त्यांतली सव्वीस अशी, की माझ्या शिकाऊ मुलांनी तशी चालवली असती तर मी कान धरून खाली उतरवलं असतं. एका स्कूटरवर चौघं, त्यातला तिसरा उभा. एक जण उलट दिशेने आला आणि समोरच्यांवरच खेकसला, "बाजूला व्हा की!" राग आला, पण रागाहून कुतूहल जास्त. एरवी सिग्नलला मुकाट थांबणारा माणूस एका गोलाने असा कसा होतो? त्याला आतून वाटतं तरी काय?

आणि मग तेच आठवलं, जे आठवू नये म्हणून मी मोजत बसले होते.

तीन वर्षांपूर्वी आपण कप जिंकलो त्या संध्याकाळी भाऊजी माझ्यापुढे हात पसरून उभे राहिले होते. भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. वरच्या मजल्यावर राहतात, वायरिंगची कामं करतात, आणि गाडी त्यांना मीच शिकवली. एकतीस वर्षांच्या माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधला सगळ्यात हुशार विद्यार्थी. म्हणाले, "वहिनी, किल्ली द्या. मित्रांना एक चक्कर मारून आणतो. मी मजेत आहे, काही होत नाही." तोंडाला वास येत होता. सगळे आनंदात होते, विरजण घालायचं जिवावर आलं. मी किल्ली त्या हातावर ठेवली. दुसऱ्या चौकात, कोपऱ्यावर पाववाली बसते तिथे, गाडी फुटपाथवर चढली. तिचा पाय गुडघ्यापासून गेला.

भाऊजींनी शिक्षा भोगली, दोन वर्षं लायसन्स गेलं. तेव्हापासून थेंब घेतलेला नाही, असं ते म्हणतात. मला शिक्षा कोणीच दिली नाही. किल्ली मी दिली हे त्यांनी कोर्टातसुद्धा सांगितलं नाही.

यंदा संघ रंगात आहे. यंदा एकही माणूस रस्त्यावर पडता कामा नये. काय करायचं ते ठाऊक नाही, पण वही उघडली आहे.

शुक्रवार, ५

पंचांकडे जाऊन आले. हे पंच म्हणजे क्लबचे मालक. सामना कुठलाही असो, निकाल आपणच देतात म्हणून सगळं गाव त्यांना पंच म्हणतं. त्यांच्या हॉलमध्ये भिंतभर पडदा लागतो आणि दोनशे माणसं बसतात, म्हणजे पितात.

मी म्हटलं, "आत येताना प्रत्येकाने गाडीची किल्ली दारातल्या फळ्यावर अडकवायची. जाताना आमचे चालक घरी सोडतील. किल्ली दुसऱ्या दिवशी."

पंच म्हणाले, "बाई, माणूस एक वेळ किडनी देईल, किल्ली देणार नाही."

"मग पहिला पेला तरी किल्लीशिवाय देऊ नका."

पंच बराच वेळ काउंटर पुसत राहिले. पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसला. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या दिराला चारही पेले मीच ओतले होते. आणा तुमचा फळा."

माणूस इतका गप्प गप्प काय काय घेऊन फिरत असतो, मला पत्ताच नव्हता.

फळा तयार आहे. स्कूलमधला वाहतूक-चिन्हांचा जुना तक्ता उलटा करून त्याला सत्तर हूक ठोकले.

रविवार, ७

आज मजा केली. पिणाऱ्याला 'तुला चढली आहे' हे पटवायचं कसं, हा प्रश्न चार दिवस डोकं खात होता. मला ते पोलिसांचं फुंकायचं यंत्र वगैरे परवडणारं नाही. मग शाळेतला खेळ आठवला. एकाने फूटपट्टी उभी धरायची, दुसऱ्याने शून्याशी बोटं उघडी ठेवायची. पहिल्याने न सांगता सोडली की दुसऱ्याने चिमटीत पकडायची. जितक्या सेंटिमीटरवर पकडली तितका हात मंद.

पंचांच्या तीन नेहमीच्या गिऱ्हाइकांवर दुपारभर प्रयोग केला. ते तर आनंदाने तयार होते, फुकटची मिळत होती ना. तिघंही चालत घरी जाणारे. प्रत्येक पेल्यानंतर तीन वेळा पट्टी, आणि शेजारच्या रकान्यात एकच प्रश्न: कसं वाटतंय? सुरुवातीला सतरा, अठरा, सतरा. चौथ्या पेल्याला सव्वीस, एकोणतीस, आणि तिसऱ्याची पट्टी सरळ जमिनीवर.

पण खरी गंमत दुसऱ्या रकान्यात होती. पेला नव्हता तेव्हा तिघं म्हणाले, "ठीक." दुसऱ्याला म्हणाले, "बरं वाटतंय." चौथ्याला, जमिनीवरून पट्टी उचलत, तिसरे गृहस्थ म्हणाले, "उत्तम! लिहा, उत्तम! आत्ता म्हणाल तर ट्रक चालवतो."

म्हणजे हात जसजसा मंद होतो तसतसा माणूस स्वतःला जास्त मार्क देतो! हे मला एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. घरी येताना एकटीच हसत होते.

माझा स्वतःचा आकडा सोळा. या वयाला वाईट नाही.

मंगळवार, ९

चालक ठरले. दवाखान्यातली सिस्टर, टपालवाला, पीटीचे सर आणि मी. तिघंही माझ्याच हाताखाली शिकलेले, तिघंही न पिणारे. दर तीन-चार दिवसांनी सकाळी स्कूलच्या ऑफिसात येऊन पट्टी द्यायची, आणि सामन्याच्या दिवशी प्रत्येक फेरीच्या आधी. आजचा आकडा हा ज्याचा त्याचा पाया. पायाच्या वर पाच सेंटिमीटर गेला की किल्ली फळ्यावर. वाद नाही, वशिला नाही, खुद्द माझी आई आली तरी नाही.

दूधवाल्याला फार हौस होती. त्याचा पायाच चोवीस, म्हणजे जवळजवळ चौथ्या पेल्याचा. बिचारा कळवळून म्हणाला, "बाई, मी पीत नाही हो! पहाटे साडेतीनला उठतो, एवढंच."

मी सांगितलं, "पट्टी कारण विचारत नाही." तो पडेल चेहऱ्याने गेला. वाईट वाटलं, पण वाक्य बरं सुचलं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फळ्यावर चिकटवलं.

सगळे गेल्यावर भाऊजी दारात उभे. "वहिनी, मी पण चालवू? लायसन्स येऊन वर्ष झालं. कामाची व्हॅन रोज चालवतो."

नाही म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. शेवटी म्हटलं, "तुमचं अक्षर चांगलं आहे. रजिस्टर तुम्ही सांभाळा. आकडे लिहायला कोणीतरी चोख माणूस हवाच."

त्यांना कळलं. म्हणाले, "बरं," आणि रजिस्टर काखेत मारून वर गेले. जिना चढताना ते नेहमी शीळ घालतात. आज घातली नाही.

गुरुवार, ११

अंगावर पित्त उठलं आहे. दंडावर, पाठीवर, मांड्यांवर ह्या एवढाल्या गांधी. कशाने? माझा संशय गाडीच्या नव्या सीटकव्हरवर आहे. डॉक्टरांना म्हटलं, तर ते म्हणाले, "काळजीनेही उठतं." मला कसली काळजी?

गोळ्या दिल्या, रात्री झोपताना एक. औषधवालीने मोठ्या पाकिटातून कात्रीने कापून तीस गोळ्या हातावर ठेवल्या, आणखीही काहीतरी सांगत होती, पण मागून कोणीतरी 'सामन्याचं तिकीट मिळेल का' म्हणून तिला विचारायला लागला. औषधाच्या दुकानात! त्याला काय ऐकवावं याचाच विचार करत मी बाहेर पडले.

शनिवार, १३

काय झोप लागते! बायका झोपेसाठी जप करतात, मला एका गोळीत मिळाली. खाज रात्रभर गप्प असते, सकाळी दहाला पुन्हा सुरू. म्हणून आता सकाळीही एक घेते. डॉक्टरांना सारखं कशाला विचारायचं.

पट्टी अठरा. भाऊजी रजिस्टरात लिहिताना थांबले. मी म्हटलं, "लिहा, लिहा. अठरा काही वाईट नाही." दुसरा रकाना: उत्तम. खरंच तसं वाटतंय. डोक्यातली सगळी कटकट शांत झाल्यासारखी.

मंगळवार, १६

उपांत्यपूर्व फेरी जिंकली. सामना पहाटेचा, क्लब बंद, म्हणून फळ्याला सुट्टी. आता रविवारी उपांत्य.

आज शिंपीणबाईंचा धडा होता. ह्यांना मी दीड महिना ब्रेक शिकवते आहे. चौकात एक सायकलवाला आडवा आला आणि बाईंनी माझ्याआधी ब्रेक मारला! माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर पोचायच्या आत गाडी उभी. एकतीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. मी त्यांची पाठ थोपटली. "तयार झालात!" त्या मात्र माझ्याकडे विचित्र बघत होत्या. कौतुकाची सवय नसते एकेकाला.

संध्याकाळी फाटकाच्या खांबाला गाडी घासली. नक्कीच फाटक कोणीतरी अर्धवट उघडं ठेवलं होतं.

पट्टी वीस. ही प्लास्टिकची पट्टी हाताळून हाताळून गुळगुळीत झाली आहे, बोटातून सटकते. सुताराकडून लाकडी आणली.

आणि रजिस्टरात एक गूढ सापडलं. आम्हा चौघांच्या ओळींच्या खाली पाचवी ओळ आहे. नाव नाही. आकडे मात्र नेमाने: सतरा, सोळा, सतरा. कसं वाटतंय या रकान्यात प्रत्येक दिवशी एकच शब्द, 'भीती'. कोण असेल? दूधवाला चोरून येतो की काय? भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, "असेल कोणीतरी." रजिस्टर ठेवणाऱ्यालाच माहीत नाही म्हणजे कमाल झाली. शोध लावलाच पाहिजे.

शुक्रवार, १९

मुलगी राहायला आली. सातवा महिना आहे, जावई बोटीवर. पोटावर हात ठेवून सामना बघायची म्हणते, घरी बसेल तर माझी मुलगी कसली! मी म्हटलं, "चल, पण ये-जा माझ्या गाडीतून. दुसऱ्या कोणाच्या हातात मी तुला देणार नाही."

लाकडी पट्टीवर एकवीस. बरोबर काठावर, म्हणजे नियमात. लाकडी पट्टी जड आहे, जड वस्तू लवकर पडते. भाऊजी म्हणाले, "शाळेत तसं शिकवलं नव्हतं, वहिनी." आता हे मला शास्त्र शिकवणार!

कसं वाटतंय: उत्तम.

सोमवार, २२

काल उपांत्य सामना जिंकला! आणि फळा चालला! एकेचाळीस किल्ल्या लटकल्या. पंच दारातच उभे होते, "किल्ली नाही तर पेला नाही" म्हणत. एका गृहस्थांनी सायकलच्या कुलपाची किल्ली आणून लावली, आपणही मागे नको म्हणून. दुपारचा सामना, संध्याकाळी सातपर्यंत सगळे घरी. कोणाला ओरखडासुद्धा नाही. मी एकटीने सहा फेऱ्या केल्या. शेवटच्या फेरीतला रस्ता तर मला आठवतसुद्धा नाही, इतका हात बसला आहे.

त्या फेरीत शिंपीणबाईंचे यजमान होते. चांगले चार पेले झालेले. अर्ध्या वाटेत म्हणाले, "बाई, मला इथंच सोडा, मी चालत जातो." घर अजून मैलभर लांब! मी म्हटलं, "अहो, बसा की." तर दार उघडून उतरलेच. लोकांना दुसऱ्याला त्रास द्यायचा किती संकोच असतो.

काल माझी पट्टी राहून गेली. सगळ्यांच्या पट्ट्या घेता घेता माझी कोण घेणार? भाऊजी दोनदा पट्टी घेऊन आले, पण मी घाईत होते.

गुरुवार, २५

चोवीस. पण हा आकडा मी धरत नाही. भाऊजींऐवजी मुलीने पट्टी सोडली होती आणि ती सोडताना हसवते. भाऊजींना सांगितलं, हा लिहू नका. त्यांनी लिहिला. वर मला दाखवून लिहिला.

गोळ्या संपल्या, आणखी दहा आणल्या. दुकानात दुसरीच मुलगी होती. पुन्हा कात्रीने कापलेला तुकडा, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. चष्मा कुठे ठेवला आठवत नाही. हल्ली बऱ्याच गोष्टी कुठे ठेवल्या ते आठवत नाही.

शुक्रवार, २६

मन खट्टू आहे.

भाऊजी चहाच्या वेळी खाली आले. कपातला चहा निवला तरी पीत नव्हते. मग म्हणाले, "वहिनी, रविवारी तुम्ही फळ्यापाशीच थांबा. तिथं तुमच्यासारखं कोणी नाही. गाडी दुसरं कोणी..."

"दुसरं कोणी म्हणजे कोण? तुम्ही?"

ते कपाचा कान फिरवत राहिले.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही मला गाडी शिकवणार? पोरीला घेऊन जायचंय मला, फुटपाथवर नाही चढवायचं."

बाण सुटला. मुलगी म्हणाली, "आई!" भाऊजी उठले, कप विसळून जागेवर ठेवला. दारात थांबून एवढंच विचारलं, "त्या गोळ्या कसल्या घेता, वहिनी?"

"खाजेच्या," मी म्हटलं.

तीन वर्षांत मी त्यांना त्या अपघाताबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आज बोलले तर तो. किल्ली कोणी दिली होती? आता माफी मागायला वर जावं तर जिना चढायचा कंटाळा येतो आहे. डोळे मिटतात. उद्या बोलेन.

रविवार, २८, सकाळ

अंतिम सामना दुपारी चारला. सगळं तयार आहे. फळा पुसला, हुकांना नंबर घातले, चालकांना शिट्ट्या दिल्या. काल दिवसभर झोपूनच होते, भाऊजींशी बोलणं राहिलं. अंगावर पुन्हा गांधी, म्हणून आज गोळ्या दोन एकदम घेतल्या. दिवस मोठा आहे.

कसं वाटतंय? उत्तम. अगदी उत्तम.

सोमवार, २९

चौदा तास झोपून उठले. आता सगळं जसं घडलं तसं लिहिते, स्वतःला सूट न देता.

तीन-दोनने जिंकलो. शेवटच्या मिनिटाच्या गोलाला हॉलचं छत उडतं की काय असं वाटलं. फळ्यावर त्रेसष्ट किल्ल्या. सिस्टर, टपालवाला आणि सर पट्टी देऊन पहिल्या फेरीला निघाले. बाहेर अजून स्वच्छ उजेड होता, पण रस्ता दिसत नव्हता, नुसती माणसं. मुलगी दमली होती. मी तिचा हात धरला, एक नंबरच्या हुकावरून माझी किल्ली काढली आणि निघाले.

दारात भाऊजी. एका हातात रजिस्टर, एका हातात लाकडी पट्टी.

"वहिनी, तीन वेळा."

"भाऊजी, बाजूला व्हा. पोरगी उभी आहे."

"फेरीच्या आधी प्रत्येकाने. तुमचाच नियम."

लोक बघायला लागले. पंचांनी पडद्याचा आवाज बंद केला. संतापाने मी चिमूट उघडून पुढे केली. म्हटलं, "सोडा!"

पहिली पट्टी जमिनीवर पडली. मला ती पडताना दिसली, पडल्यावर दिसली, आणि मग माझी बोटं मिटली. दुसरी अठ्ठावीसवर. तिसरी पुन्हा जमिनीवर, आणि हॉलमध्ये लाकडाचा तेवढा एक आवाज.

मी ओरडले, "मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही!"

"मला माहीत आहे," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "पट्टी कारण विचारत नाही."

मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं. माझी ओळ. सोळा, अठरा, वीस, एकवीस, चोवीस. शेजारचा रकाना: उत्तम, उत्तम, उत्तम, उत्तम. ते तिसरे गृहस्थ आठवले, जमिनीवरून पट्टी उचलून ट्रक चालवायला निघालेले. ज्या गोष्टीला मी एकटीच रस्त्याने हसत आले होते ती माझ्याच ओळीत, भाऊजींच्या सुरेख अक्षरात, तीन आठवडे लिहिली जात होती. ब्रेक मारणाऱ्या शिंपीणबाई. खांब. मैलभर आधी उतरलेले त्यांचे यजमान. पिऊनसुद्धा त्या माणसाला कळलं होतं, मला नाही.

भाऊजींनी हात पुढे केला. तोच हात, तसाच पसरलेला. मी किल्ली त्यावर ठेवायला गेले तर त्यांनी मागे घेतला.

"मला नको. फळ्यावर."

मी एक नंबरच्या हुकावर किल्ली अडकवली. कोणी हसलं नाही. सगळे हसले असते तर बरं झालं असतं.

मुलगी म्हणाली, "आई, मला आता बसायला हवं. घरी कोण नेणार?"

तिन्ही गाड्या बाहेर होत्या, त्या गर्दीत परत यायला तासभर तरी लागणार. मी रजिस्टरात बघत होते, कारण वर बघायची लाज वाटत होती. सर्वांत खाली ती पाचवी ओळ. सतरा, सोळा, सतरा, सतरा, सोळा. एक दिवस चुकलेला नाही. भीती, भीती, भीती. आणि ते अक्षर! एकतीस वर्षं माणसांचे हात बघून त्यांचा स्वभाव सांगणारी मी, समोर रोज लिहिणाऱ्याचा हात मला ओळखता आला नाही.

"ही ओळ तुमची," मी म्हटलं.

भाऊजींनी रजिस्टर मिटलं. "घरच्या घरी घ्यायचो. दाराच्या कडीला दोरा बांधून. तुम्ही नको म्हटलंत ते बरोबरच होतं, वहिनी. मी फक्त बघत होतो, मला येतं का."

मी पट्टी उचलली. तीन वेळा सोडली. सोळा, सतरा, सोळा. हुकावरची किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. तीन वर्षांपूर्वी न बघता ठेवली होती. काल बघून ठेवली.

"शुक्रवारी बोलले ते," मी सुरुवात केली.

"नंतर," ते म्हणाले. "आधी पोरीला घरी नेऊ."

मुलगी मागे बसली. मी माझ्या नेहमीच्या जागी, डावा हात दारावर, पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर. शिकवणारीची जागा ती, तिथे बसलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो. मनात म्हटलं, काही झालं तर मी आहे. पहिला चौक आला एवढं आठवतं. भाऊजी दोन्ही हातांनी चाक धरून, माणसं जातील तशी गाडी सरकवत होते.

आज सकाळी चष्मा सापडला, धुण्याच्या टोपलीत. औषधवालीकडे गेले. तिने आख्खं पाकीट दाखवलं. मागे लाल चौकोनात छापलं आहे, या गोळीने झोप येते, वाहन चालवू नये. माझ्या दोन्ही तुकड्यांवर तो चौकोन आलाच नव्हता. ती म्हणाली, "मी त्या दिवशी सांगत होते, बाई. रात्री एकच, आणि गाडी नको. तुम्ही निघून गेलात." भांडायला गेले होते, आभार मानून आले. दोन प्रश्न मात्र तिला विचारले: अशा आणखी किती गोळ्या आहेत, आणि त्या खाऊन किती जण गाडी चालवत असतील? तिने तीन खण उघडून दाखवले. दुसऱ्याचं उत्तर मोजूनच कळेल. पुढच्या रजिस्टरात आणखी एक रकाना लागणार.

स्कूलमध्ये जाऊन पाचव्या ओळीपुढे भाऊजींचं नाव घातलं. माझ्या ओळीतले उत्तम खोडणार होते, खोडले नाहीत. राहू देत तसेच. परत येताना वरून शीळ ऐकू आली.

संध्याकाळी मुलीला विचारलं, काल रस्त्यात काय काय झालं? मला दुसरा चौक आठवत नाही.

ती म्हणाली, "काही नाही झालं गं. त्या कोपऱ्यावर पाववाली रस्ता ओलांडत होती. कुबडी घेऊन, टोपली डोक्यावर, मध्येच. मागून सगळे हॉर्न मारत होते. काका थांबला. ती पलीकडे जाईपर्यंत थांबला, आणि गेल्यावरही थोडा वेळ थांबला. तिने काचेतून आत बघितलं. ओळखलं की नाही, कोण जाणे."

"आणि मी?"

"तू ब्रेकवर पाय ठेवून झोपली होतीस. घोरत होतीस."